दोरीवरची एकोणीस नावं

हे सांगायचं मी बारा-तेरा वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर मी चहा मागवायचो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्याने भाषणात त्या शोधनिबंधाचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. आता सत्तरी उलटली आहे. लाज विनय म्हणून आणखी किती दिवस खपवायची?

तर ओरोसचं सभागृह. पाटीवर सिंधुदुर्गनगरी लिहिलेलं असतं, पण आम्ही सगळे ओरोसच म्हणतो. जिल्ह्यातल्या कॉलेजांत पदवीच्या मुलांनी केलेल्या संशोधन प्रकल्पांची पहिली फेरी तिथे होती. भिंतींना लागून पोस्टर लावलेली. प्रत्येक पोस्टरशेजारी एक मुलगा किंवा मुलगी, घामेजलेली, पाठ केलेलं मनातल्या मनात म्हणणारी.

आमच्या कॉलेजची दर्शना दाराजवळच्या पोस्टरशी उभी होती. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, प्राणिशास्त्र. विषय होता रापणीत येणारी मासळी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग दोन टोकांच्या दोऱ्या वाळूत उभं राहून माणसं ओढतात. दोन-दोन, तीन-तीन तास. प्रकल्पाच्या मार्गदर्शक विद्यापीठातल्या एक मॅडम होत्या. मी कॉलेजमधला सहमार्गदर्शक.

मॅडम दोन परीक्षकांना घेऊन आल्या. त्यांनी पोस्टरचा मथळा वाचला. मग मथळ्याखालची नावं वाचायला लागल्या. पहिलं दाजींचं. मग रापणीवरच्या सुमनकाकीचं. मग पुढचं. मग पुढचं. आठव्या-नवव्या नावाला त्यांचा आवाज बदलला. त्या बोटाने मोजायला लागल्या.

"एकोणीस! अगं दर्शना, हा प्रकल्प आहे की रेशन कार्ड?"

परीक्षक हसले. बाजूच्या पोस्टरवरची मुलं हसली. पण त्यांच्याआधी मी हसलो होतो. मॅडमचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

पोस्टरच्या दुसऱ्या बाजूला दाजी उभे होते. दर्शनाचे आजोबा. वय पंच्याहत्तरच्या पुढे, खुब्यात अधू, पांढऱ्या शर्टावर घडीच्या रेघा तशाच. "तुमचा नाव पयला आसा," असं नातीने सांगितलं म्हणून ते पहिल्या एसटीने तिच्यासोबत आले होते. मॅडमनी विचारलं, "आणि हे कोण?"

"हे दाजी. पहिलं नाव यांचंच आहे," दर्शना म्हणाली.

"अच्छा," मॅडम परीक्षकांकडे वळल्या. "हे आपले माहितीदार."

दाजींनी हात जोडले. एक परीक्षक मॅडमना म्हणाले, "यांना मराठी समजतं ना?"

दाजींना समजलं. सगळं समजलं. ते माझ्याकडे वळले. गावात मला बाबू म्हणणारी जी चार माणसं उरली होती, त्यांतले ते एक. हळूच म्हणाले, "काय रे बाबू, काय चुकला काय आमचा?"

मी त्यांना स्वच्छ, पुस्तकी मराठीत उत्तर दिलं.

"तुम्ही जरा बाहेर बसा. परीक्षण चाललंय."

ते गेले. भिंतीला धरून, पाय ओढत. दर्शनाने माझ्याकडे एकदा पाहिलं. तीही त्यांच्यामागे बाहेर गेली. पोस्टर एकटं राहिलं. परीक्षक थांबले होते. मग मी पुढे झालो आणि तिचं काम मी समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं. पोस्टरची पुढच्या फेरीसाठी निवड झाली.

याच दाजींच्या शेजारी उभं राहून माझ्या बापाने तीस वर्षं दोरी ओढली होती. मी गाबताचा मुलगा, मासे मारणाऱ्या जातीतला. सातवीत असताना घाटावरून आलेल्या गुरुजींनी वर्गात माशांची नावं विचारली होती. मी उठून म्हटलं, "पेडवो." गुरुजींनी पुस्तक पुढे केलं. "दाखव कुठे आहे." नव्हता. "पुस्तकात नाही तो मासा नाही. बस खाली." वर्ग हसला. त्या दिवशी घरी पेडव्याचंच सुकं होतं. मी जेवलो नाही. आई म्हणाली, "काय झाला रे?" मी सांगितलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं की मी पुस्तकाच्या बाजूला जाऊन उभा राहीन. आणि राहिलो. माशांची लॅटिन नावं घडाघडा म्हणायला शिकलो. कॉलेजात पाऊल ठेवलं की तोंडातली मालवणी गिळायला शिकलो. ती इतकी गिळली की त्या दिवशी ओरोसला दाजींना उत्तर द्यायला तिच्यातला एक शब्द वर आला नाही.

आता प्रकल्पाचं सांगतो, म्हणजे कुणाचं काम होतं ते कळेल.

कल्पना दर्शनाची होती. मला वाटलं होतं ती माशांची यादी करेल, लांबी-वजन लिहील, झालं. पण दाजींना खुब्यामुळे ओढता येत नसे. ते वाळूत उलट्या घातलेल्या खोक्यावर बसत आणि चालत्या दोरीवर नुसता तळवा ठेवत. जाळं अजून लांब पाण्यात असताना सांगत, आज आत काय आहे. दर्शना ते आधी वहीत लिहून घ्यायची. मग जाळं किनाऱ्याला लागलं की खरोखर काय आलं ते समोर लिहायची. ओरोसच्या आदल्या हंगामात, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, रापण लागेल त्या प्रत्येक दिवशी. सुमनकाकी मासळी निवडताना लहान पिल्लं पाण्यात परत टाकायची, तिने कोणती टाकली आणि का, तेही. होडीवर जाणाऱ्यांनी सांगितलेला पाण्याचा रंग, ओढ, तळ. प्रत्येकाचं त्याच्या नावाने. असं काम मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

एका शनिवारी मी बघायला गेलो. बूट काढून हातात धरून उभा होतो. दाजींनी पाहिलं.

"मास्तर, बूट ठेय आणि दोर धर. आणि घट धर, खडू न्हय तो."

दोरीवरच्या बायका हसल्या. सुमनकाकी म्हणाली, "हळू गो बायांनू, मास्तरांची प्यांट भिजात."

मी दोरी धरली. तासाभरात तळहात सोलले. दाजी आपल्या खोक्यावर, तळवा दोरीवर. "आज शेंगटी आसतली. जड लागता."

जाळं आलं. तारली निघाली. नुसती चमचमती तारली, एक शेंगटं नाही. सगळे दाजींवर तुटून पडले. "दाजी, हात धुवन घेवा!" "चष्मो हातार लावा, दाजी!" म्हातारा स्वतः खदखदून हसत होता. दर्शनाचं पेन थांबलेलं दिसल्यावर मात्र हसू थांबवून म्हणाला, "चुकलंय मी. चुकलंय ता पण लिव, गो."

तिने लिहिलं.

मग वाळूवर मासळीचे वाटे घातले. सुमनकाकीचा उजवा हात त्या महिन्यात प्लास्टरमध्ये होता, तिने डाव्या हाताने दोरी नुसती धरली होती. तिचा वाटा पुरा. शेवटी एक ढीग उरला. मी विचारलं, हा कुणाचा? दाजी म्हणाले, "तुजो. जेना दोरीक हात लावल्यान, तेचो वाटो." मी तो पिशवीत घालून घरी नेला. नियम मला बापाच्या वेळेपासून माहीत होता. दर्शनालाही दुसरा नियम माहीत नव्हता. पोस्टरवर काम करणाऱ्यांची नावं लिहा असं आम्ही तिला सांगितलं, आणि तिने ज्यांनी ज्यांनी दोरीला हात लावला त्यांची नावं लिहिली. किनाऱ्यावर जो आधी येतो त्याचं आधी. दाजी नेहमी पहिले असत.

मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहायला जड जातं, कारण त्या वाईट असत्या तर माझं सोपं झालं असतं. त्या तीनदा स्वतः गाडी चालवत आल्या, वाळूत मांडी घालून बसल्या. मासे मोजायचं स्वतःचं कॅलिपर त्यांनी दर्शनाला वापरायला दिलं. "तू एमएस्सीला ये, मी आहे," असं म्हणाल्या. आणि ते मनापासून होतं. त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं की वाळूत मांडी घालून बसलेली बाकीची माणसंही विचार करत होती. आणि मला ठाऊक होतं.

त्या दिवशी निकाल लागल्यावर आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. दाजी आणि दर्शना तिथे बसले होते. मध्ये खटखट्या लाडवांचा खोका, मॅडमसाठी आणलेला. दाजींनी तो उठून मॅडमच्या हातात दिलाच. "घेवा, मालवणचे आसत."

मॅडम दर्शनाच्या शेजारी पायरीवर बसल्या. प्रेमाने बोलल्या. "हे बघ, निवड झाली आहे. फक्त नावांचं नीट करू. संशोधनात नाव त्याचं, जो विचार करतो. दोरी ओढणाऱ्याचं नसतं. तुझं नाव ठेवू, आम्हा मार्गदर्शकांचं ठेवू. बाकी सगळ्यांचे शेवटी आभार मानू."

"विचार पण त्यांचाच आहे, मॅडम. मी लिहिलं."

"म्हणून तर आभार मानायचे."

"आमच्याकडे वाटा आभार मानून देत नाहीत, मॅडम."

मॅडमना वाटलं ती उद्धट बोलते आहे. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. दर्शनाही माझ्याकडे बघायला लागली. मला म्हणाली, "सर, तुमी सांगा मॅडमांका. तुमका म्हायत आसा."

मी म्हणालो, "मॅडम सांगतात ते बरोबर आहे."

ती उठली. दाजींच्या काखेत हात घालून तिने त्यांना उभं केलं.

"मगे माजा नाव पण काडा."

वीस वर्षांची पोर. नकार कसा द्यायचा ते तिला येत होतं. मला अठ्ठावन्नाव्या वर्षीही येत नव्हतं.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. मुलगी ऐकत नाही, पण एवढं चांगलं काम वाया जायला नको. मी एक पत्र द्यावं, की विद्यार्थिनीने घरगुती अडचणींमुळे प्रकल्पातून माघार घेतली. मग त्यांचा एक संशोधक विद्यार्थी ते पुढे नेईल. निबंधात माझंही नाव असेल.

माझ्या नावावर तोपर्यंत एकही शोधनिबंध नव्हता. तीस वर्षं शिकवलं आणि छापील असं काहीच नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कारण म्हणून हे फार लहान आहे, पण दुसरं कारण नाही. मी पत्र लिहिलं. घरगुती अडचण कोणती, ते मला कुणी विचारलं नाही.

वह्या दर्शनाकडे होत्या. ती मालवण बाजारात गेली असेल अशी वेळ बघून मी तिच्या घरी गेलो. तिची आई अंगणात मासळी वाळत घालत होती. मी म्हटलं, वह्या तपासायला हव्यात. तिने हात धुतले, पुसले, पाच वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणून दिल्या. म्हणाली, "सर, तिका जरा समजावा. दोन दिस नीट जेवक नाय." मी मान हलवली. निघताना तिने केळीच्या पानात दोन बांगडे बांधून माझ्या हातात दिले. मी घेतले.

"वह्ये परत कदी दितलास?"

"बघतो," मी म्हणालो.

पोस्टर ओरोसहून मीच गुंडाळून आणलं होतं. त्या दिवशी घरी ते पलंगावर उलगडलं. नावांची यादी मी तोवर शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. मॅडमनी मोजली आणि मी हसलो, एवढंच. आता एकेक वाचत खाली आलो. एकोणिसावं नाव माझं होतं. सहमार्गदर्शक म्हणून माझं छापील नाव कोपऱ्यात वेगळं होतंच. पण इथे, यादीत, बाबू. पुढे बापाचं नाव. मी एक शनिवार दोरी ओढली होती म्हणून.

मी पोस्टर परत गुंडाळून कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी पाचही वह्या विद्यापीठात पाठवून दिल्या.

निबंध निघाला. इंग्रजीत. तीन नावं. मॅडम, त्यांचा विद्यार्थी, मी. दाजी आत होते, 'एक वयोवृद्ध स्थानिक माहितीदार' म्हणून. त्यांनी जिथे जिथे चुकीचं सांगितलं होतं, ते दिवस तक्त्यातून गाळले होते. दाजींना याचाच सगळ्यांत जास्त राग आला असता.

दर्शनाने बीएस्सी पुरी केली आणि पुढे त्याच विद्यापीठात एमएस्सीच्या मुलाखतीला गेली. तिथे तिने सांगितलं, रापणीवर मी काम केलं आहे. समोरच्यांनी निबंध काढून दाखवला. यात तुमचं नाव नाही. मग माझं पत्र काढून दाखवलं. तुम्ही तर माघार घेतली होती. मॅडम त्या समितीवर नव्हत्या. दर्शनाकडे दाखवायला एक वहीसुद्धा नव्हती.

तिला प्रवेश मिळाला नाही. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीला अजून वेळ होता. ती माझ्याकडे आली. निबंधाबद्दल एक शब्द बोलली नाही.

"सर, एक कागद देवा. काम मी केलंय म्हणान. येवढाच."

एक कागद. कॉलेजचा शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता.

"बघतो," मी म्हणालो.

ती परत आली. मी परत तेच म्हणालो. तिसऱ्यांदा ती आत आलीच नाही, दारातच उभी राहिली. "सर, नाय देवचो आसात तर नाय म्हणान सांगा. बघतो म्हणा नकात."

"दर्शना, थोडं समजून घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तिला खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"तुमी आमचेच मा, सर?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. ती थोडी थांबली. मग गेली. दुसऱ्या फेरीची मुदत संपली. पुढच्या वर्षी दाजी गेले. माझ्या घरापासून त्यांचं घर सायकलवर वीस मिनिटांचं. मी गेलो नाही.

आता हल्लीचं.

नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या मुलांना संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला आहे. विद्यापीठातले प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक असतात. या वर्षी कॉलेजच्या प्राचार्यांनी मला मुलांशी बोलायला बोलावलं. मी गेलो. शाल, श्रीफळ टेबलावर तयार. प्राचार्यांनी पडद्यावर तो निबंध लावला. आपल्या किनाऱ्यावरचं आदर्श काम, म्हणाले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, तुम्ही रोज पहाटे रापणीवर जात होता का?"

साधा प्रश्न. तिला फक्त कसं करायचं ते हवं होतं. मी म्हटलं, "एकदाच गेलो होतो." मुलं हसली, त्यांना विनोद वाटला. मग मी म्हटलं, "हे काम माझं नाही."

प्राचार्य सावरून घ्यायला गेले. "सर फार नम्र आहेत."

"नम्र नाही मी," मी म्हणालो. "खोटा आहे. या कॉलेजच्या एका मुलीचं काम मी दुसऱ्यांच्या हातात दिलं. तिने माघार घेतली असं पत्र मी लिहिलं. तिला कसलीही घरगुती अडचण नव्हती. अडचण मी होतो."

मी नावं सांगायला लागलो. दाजी, सुमनकाकी... चौदा आठवली. पाच आठवली नाहीत. ज्यांची मासळी खाऊन मी मोठा झालो त्यांतली पाच नावं मला आठवली नाहीत, आणि मी तिथे मुलांसमोर उभा होतो. शाल टेबलावर राहिली. प्राचार्य फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत, ते बरोबरच होतं.

घरी येऊन पोस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, नावं शाबूत होती. मी विद्यापीठाला लिहिलं, निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. माझं पत्र खोटं होतं, माझं नाव काढा, यांची घाला. उत्तर आलं की एवढ्या वर्षांनी बदल करायचा तर सर्व लेखकांची संमती लागेल. मॅडमना फोन केला. त्याही निवृत्त झाल्या आहेत, आवाज थकलेला.

"आता या वयात कशाला काढता हे? तिचा संसार झाला असेल. कुणाला काय मिळणार?"

"तिचं तिला मिळेल."

"आणि माझं?" त्या म्हणाल्या. "मी तिला शिकवायलाच आले होते हो."

खरं होतं ते. मी म्हटलं, "मॅडम, मी ही मागणी मागे घेणार नाही." त्यांनी फोन ठेवला.

दर्शना वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात असते. गर निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करते. मी सगळं लिहून काढलं, खाली सही केली, आणि एसटीने गेलो. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. डोक्याला बांधलेलं फडकं सोडत होती. मला ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही.

"सर? हय खंय?"

मी कागद पुढे केला. तिने उभ्यानेच वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. नावांवरून बोट फिरवत गेली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा कागद फाडेल. तिने विचारलं, "ह्यां दिलास खंय?"

"विद्यापीठाला. नियतकालिकाला."

"तेनी काय सांगल्यानी?"

"नाही म्हणाले."

"मगे?"

मी दुसरंच बोलायला गेलो. ज्यासाठी बसमध्ये सगळी वाट मनात शब्द जुळवले होते ते.

"दर्शना, मला तुझी..."

तिने हात वर करून मला थांबवलं.

"ता नको, सर. ता तुमका बरा वाटाचा म्हणान. माका नाव होया. माजा एकटेचा न्हय. सगळ्यांचा."

मग म्हणाली, "त्यातले सात जण गेले. आता रापण पण नाय."

आत घंटा झाली. तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "ह्यां तुमीच ठेवा. तुमका लागतला." फडकं पुन्हा डोक्याला बांधत ती आत गेली.

मी परत पत्र लिहिलं. त्यालाही नकार आला. पुन्हा लिहिलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पत्र जातं, त्याची प्रत मॅडमना, एक प्रत कॉलेजला. उत्तरं यायची बंद झाली आहेत. पत्रं बंद होणार नाहीत. जिथे कुठे मला प्रकल्पांवर बोलायला बोलावतील तिथे मी जाईन, आणि मुलांना हेच सांगेन: तुमच्या मार्गदर्शकाने तुमच्या कामाबद्दल लिहिलेला प्रत्येक कागद मागून घ्या, वाचा, आणि पटला नाही तर सही करू नका. मार्गदर्शक माझ्यासारखा तुमच्यातलाच असेल तर दोनदा वाचा.

ती एकोणीस नावं मी इथे पुरी लिहिणार होतो. लिहिली नाहीत. जे हयात आहेत त्यांच्या, आणि जे गेले त्यांच्या मुलांच्या दारात जाऊन आधी विचारतो आहे. त्यांचं काही न विचारता घ्यायचं एकदा झालं. चार घरं झाली. एका घरी पाणीही दिलं नाही. सुमनकाकीला आता ऐकू येत नाही, तिच्या सुनेने तिला कानात ओरडून सांगितलं, आणि काकी बराच वेळ माझा हात धरून बसली. का, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

माफी अजून मागितलेली नाही. दर्शनाला ती नको आहे आणि दाजी ती ऐकायला नाहीत. नावं लागली तर त्या दिवशी वेंगुर्ल्याला जाईन आणि मागेन. त्याआधी मेलो, तर ती न मागितलेलीच राहील. राहू दे. नावांच्या आधी ती मागायचा मला अधिकार नाही.